पंचम चढा लागतोय: सिंथचं पहिलं मॉड्यूल बनवताना

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. त्या दिवशी मी स्वतः बनवलेलं मॉड्यूल रॅकमध्ये स्क्रूने आवळून बसवलं. सुरुवात जुलै २०२३ मध्ये केली होती आणि तेव्हा मला वाटलं होतं की दिवाळीपर्यंत होईल. कुठली दिवाळी ते ठरवलं नव्हतं, हे एक बरं झालं. या एकोणीस महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा आपल्याकडच्या कुणी लिहिलेलं मला काही सापडलं नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, काय मिळतं, काय मिळत नाही, पार्सल कुठे अडतं, हे परदेशी लोकांच्या व्हिडिओत नसतं.

ज्यांना मॉड्युलर सिंथ म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कीबोर्डसारखं एकसंध वाद्य नसतं हे. प्रत्येक पट्टी, म्हणजे मॉड्यूल, एकच काम करते: एक सूर काढते, एक तो गाळते, एक आवाज कमी-जास्त करते. पट्ट्या छोट्या वायरींनी एकमेकींना जोडायच्या. सूर किती उंच हे व्होल्टेज ठरवतं. एक व्होल्ट वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास याची सुरुवात केली. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचा स्टुडिओ उभारून दिला होता, तेव्हा आपल्याकडे हे अगदीच उपरं नाही. आज घरोघरी दिसणारं लहान आकाराचं माप म्हणजे युरोरॅक, ते डोपफर या जर्मन कंपनीचं, नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं.

मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी २००८ साली घेतली आणि लगेच सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेले. सोल्डरिंग गन त्यानंतर हातात धरली नव्हती. आई माझ्याकडेच असते, पुण्यात. ती गाते, रोज सकाळी तानपुरा लावते. माझा छोटा सेकंडहँड रॅक शेजारच्याच खोलीत. एका संध्याकाळी मी सिंथवर एक लांब सूर लावून बसले होते, तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, "अगं, नुसता षड्ज काय लावून बसलीस? जोडीला पंचम तरी दे." त्यातून हे निघालं. दोन ऑसिलेटरचं, म्हणजे सूर काढणाऱ्या दोन सर्किटांचं, एक मॉड्यूल: एक सा धरून ठेवणारा, दुसरा खटक्याने मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमावर किंवा मंद्र मध्यमावर जाणारा. तानपुऱ्याची पहिली तार जे करते ते. नाव ठरलं 'जोड'. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात मिळतो, हे मला माहीत आहे. पण त्याला व्होल्टेज देऊन षड्ज हलवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला बनवायचंच होतं.

जुलै-ऑगस्ट वाचण्यात गेले. सप्टेंबरमध्ये, गणपती उठल्यावर, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत पहिली खरेदी केली: ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडून बघायची पट्टी), टीएल०७२ ऑप-अँप (व्होल्टेजची बेरीज-वजाबाकी करणारी चिप), बीसी५४७ ट्रान्झिस्टर पन्नास, रेझिस्टरची पाकिटं, मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूने फिरवून जुळवायचे रेझिस्टर), वायर, बरा मल्टिमीटर. ३,८०० रुपये. जाताना यादी घेऊन जा आणि त्यात दुकानदाराचे शब्द लिहा. 'ट्रिमर' म्हटलं की तो केसांचं यंत्र समजतो, 'प्रीसेट' म्हणा. रिबन केबल म्हणजे 'एफआरसी', पिनांची पट्टी म्हणजे 'बर्ग स्ट्रिप'. दुपारी दीड ते चार या वेळात जाऊ नका, पुण्यातच राहतो आपण.

या सर्किटचं हृदय म्हणजे व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर करणारा भाग. ट्रान्झिस्टरमध्ये साधारण १८ मिलिव्होल्ट वाढवले की त्यातून वाहणारा करंट दुप्पट होतो, आणि करंट दुप्पट म्हणजे सूर एक सप्तक वर. इतकं सुंदर आहे हे की पहिल्यांदा ब्रेडबोर्डवर चाललं तेव्हा मी रात्री साडेबारा वाजता नुसती नॉब फिरवत बसले होते. मग ट्रान्झिस्टरला बोट लावलं आणि सूर गाडीच्या हॉर्नसारखा पळाला. फुंकर मारली, परत खाली आला. तेव्हा हसले होते. हसायला नको होतं.

उपाय पुस्तकी आहे: एकाऐवजी दोन सारखे ट्रान्झिस्टर घ्यायचे म्हणजे एकाची चूक दुसरा खोडतो. पन्नासांतून सारख्या जोड्या निवडायला एक अख्खा शनिवार गेला. ते मोजताना हातात धरू नका, चिमट्याने धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, नाहीतर तुम्ही ट्रान्झिस्टर नाही, स्वतःचा ताप मोजत असता. जुळलेली जोडी सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटवून वर श्रिंक ट्यूब चढवली.

नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, पंचमाचा खटका जोडला. गणित सोपं वाटलं. पंचम षड्जाच्या दीडपट, म्हणून ०.५८५ व्होल्ट. मध्यम चार-तृतीयांश, म्हणून ०.४१५ व्होल्ट. आपल्याला मंद्रातले हवेत, म्हणजे तेवढे वजा करायचे. स्थिर व्होल्टेजसाठी टीएल४३१ वापरला (प्रत्येक मोबाइल चार्जर दुरुस्त करणाऱ्याकडे असतो, पाच-सात रुपयांना), मल्टिमीटर लावून प्रीसेट फिरवले, आकडे तिसऱ्या घरापर्यंत बरोबर आणले आणि आईला बोलावलं.

ती तानपुरा घेऊनच आली. काळी चार, म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ. माझा सा तिच्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांशी जुळवला, खटका 'प' वर टाकला.

"पंचम म्हणालीस ना? हा मध्यम आहे."

"आई, मी मोजून लावलंय. पॉइंट पाचशे पंच्याऐंशी."

"पाचशे असो नाहीतर पाच हजार. हा मध्यम आहे."

मी वीस मिनिटं वाद घातला. वर मीटरचा फोटो दाखवला. मग ती आत निघून गेली आणि मी कागद घेतला. षड्जापासून वर दीडपट गेलं की पंचम. पण षड्जापासून तेवढंच खाली आलं की दोन-तृतीयांश, आणि ते मंद्र मध्यमाचं ठिकाण. मंद्र पंचमाला तीन-चतुर्थांशावर जायला हवं, म्हणजे वजा ०.४१५. दोन्ही आकडे माझ्याकडे होते, फक्त अदलाबदल झाली होती. षड्ज-पंचम भाव उलटा केला की षड्ज-मध्यम भाव होतो, हे गाण्याच्या कुठल्याही क्लासमधल्या पोराला पाठ असतं. मी लहानपणी तीन वर्षं क्लासला जात होते. आईने हा मुद्दा काढला नाही, पण दुसऱ्या दिवशी मावशीला फोनवर सांगताना मी ऐकलं.

इथे एक कामाची गोष्ट: हार्मोनियमच्या पट्टीतला, बारा समान भागांतला पंचम वापरला तर अंतर सुमारे दोन सेंट चुकतं. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. नगण्य वाटतं. पण काळी चारला मंद्र पंचमाचा चौथा आणि षड्जाचा तिसरा स्वयंभू स्वर (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारा वरचा सूर) ६२३ हर्ट्झच्या आसपास एकमेकांवर येतात, आणि दोन सेंटांच्या फरकाने तिथे दर दीड सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. मीटरऐवजी हा हेलकावा थांबेपर्यंत प्रीसेट फिरवा. मीटरवर एक मिलिव्होल्ट म्हणजे सव्वा सेंट, आणि साध्या ऑप-अँपची स्वतःची चूकच तीन-चार मिलिव्होल्ट असू शकते.

डिसेंबरात झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) सगळं सोल्डर केलं. दोन ठिकाणी ड्राय सोल्डर, एक रात्र त्यात. मग कीकॅड, म्हणजे सर्किट बोर्डाचा आराखडा काढायचं सॉफ्टवेअर, शिकले. हे मोफत आहे आणि चांगलं आहे. महिनाभर रोज रात्री तास-दीड तास. २ फेब्रुवारी २०२४ ला चीनमधल्या एका कारखान्याला फाइली पाठवल्या आणि त्यांचं उत्तर आलं की नवीन वर्षाची सुट्टी आहे. त्यांचं नवीन वर्ष १० फेब्रुवारीला होतं. जानेवारीच्या मध्यानंतर ऑर्डर देणार असाल तर आधी कॅलेंडर बघा. बोर्ड ७ मार्चला हातात आले. पाच बोर्ड, कुरिअर आणि ड्युटी धरून २,९०० रुपये. कमीत कमी पाच घ्यावेच लागतात. तेव्हा चार जास्तीचे वाटले होते.

पहिल्या बोर्डवर पॉवरचा एफआरसी बॉक्स मी उलटा काढला होता. युरोरॅकमध्ये केबलची लाल रेघ वजा बारा व्होल्टकडे असते, माझी खाच दुसऱ्या बाजूला. म्हणजे केबल 'बरोबर' लावली की प्लस-मायनस उलटे. वाचले ते केवळ दोन १एन५८१७ डायोडमुळे, जे मी कुठेतरी वाचून दोन्ही लाइनींवर घातले होते. दोन डायोड मिळून वीस रुपयांच्या आत. घाला. दहा पिनांचा बॉक्स उपसण्याऐवजी मी ब्लेडने प्लास्टिकला नवी खाच पाडली आणि योग्य बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तो बोर्ड अजून तसाच आहे.

मार्चभर मॉड्यूल छान चाललं. मी मित्रमैत्रिणींना व्हिडिओ पाठवले, तेही सांगून टाकते.

मग एप्रिल आला. दुपारी खोलीत ३६ अंश. आई पलीकडून ओरडली, "तुझा पंचम चढा लागतोय." या वेळी मी वाद घातला नाही, मोजलं. षड्ज हलला होताच, पण तो नॉबने जागेवर आणता येतो. पंचमाचं अंतरच आक्रसलं होतं: वीस सेंटांनी. जुळलेल्या जोडीने एक चूक खोडली होती, दुसरी नाही. ते १८ मिलिव्होल्ट स्वतःच तापमानाबरोबर वाढतात, अंशाला सुमारे ०.३३ टक्के. मी २४ अंशांना जुळवणी केली होती. बारा अंशांचा फरक म्हणजे चार टक्के, म्हणजे एका सप्तकाला ४८ सेंट आणि ०.४१५ व्होल्टांच्या अंतराला वीस. प्रमाणश्रुती बावीस सेंटांची धरतात. माझा पंचम जवळजवळ एक श्रुती चढला होता आणि आईने तो भिंतीपलीकडून पकडला होता.

यावर औषध म्हणजे तापमानाबरोबर तेवढाच वाढणारा रेझिस्टर, टेम्पको म्हणतात, अंशाला ३,३०० पीपीएमच्या, म्हणजे त्याच ०.३३ टक्क्यांच्या आसपासचा. बुधवार पेठेत चार दुकानं फिरले. एका काउंटरवर झालेला संवाद असा:

"काका, तापमान वाढलं की व्हॅल्यू वाढणारा रेझिस्टर आहे का?"

"ताई, आमच्याकडचे सगळेच बदलतात."

शेवटी इंग्लंडमधल्या एका दुकानातून मागवले, सोबत जॅक आणि नॉबही. ६,४०० रुपये. पार्सल मुंबईत पोचलं १७ मेला आणि तिथे अडकलं. कुरिअरने केवायसी मागितली. ऑर्डर माझ्या जुन्या ईमेल खात्यावरून दिली होती, म्हणून बिलावर माहेरचं नाव. आधारवर लग्नानंतरचं. पोर्टलवर तीनदा आधार चढवलं, तीनदा 'नाव जुळत नाही'. हेल्पलाइनवर प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून. पाचव्या फोनला एका मुलीने सांगितलं की विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि 'दोन्ही नावं माझीच' असं सहीचं पत्र एकाच पीडीएफमध्ये टाका. ते केल्यावर वस्तू कशासाठी, असा ईमेल आला. 'वैयक्तिक छंदासाठी, विक्रीसाठी नाही' असं लिहिलं. २८ मेला सुटलं. ड्युटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क मिळून २,३१० रुपये. तेव्हा ऑर्डर देतानाच आधारवर आहे तेच नाव, तसंच स्पेलिंग टाका. स्वतःपुरतं आणायला आयात-निर्यात कोड लागत नाही. विकायचं असेल तर लागतो, तो डीजीएफटी या परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो. मी त्या वाटेला गेले नाही.

त्या अकरा दिवसांत मी हे सगळं सोडून द्यायच्या बेतात होते. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला नको होतं, आणि तयार ऑसिलेटर विकत घेतला असता तर एव्हाना वाजवत बसले असते. नवरा काही बोलला नाही, फक्त जेवणाच्या टेबलावरचे बोर्ड उचलून माझ्या कपाटात ठेवले. ते जास्त लागलं.

दुसरी आवृत्ती जून ते ऑगस्ट. टेम्पको ट्रान्झिस्टरच्या जोडीला टेकवून, त्यावर थर्मल पेस्ट. नुसता बोर्डवर जवळ असून भागत नाही, अंगाला अंग लागायला हवं. सूर ठरवणारा कपॅसिटरही बदलला, पहिल्यांदा हाताला आला तो साधा सिरॅमिक घातला होता, आता सी०जी प्रकारचा, तापमानाने जवळजवळ न बदलणारा. मग खोलीतला एसी १८ वर आणि नंतर बंद, असं करून चार दिवस वहीत नोंदी केल्या. अंतर आता दोन-तीन सेंटांच्या पलीकडे हलत नाही. सुरू केल्यावर वीस मिनिटं थांबावं लागतं. आईला याचं काही वाटलं नाही, तानपुऱ्यालाही हवा बदलली की तेवढं द्यावंच लागतं.

एक सांगायला हवं. हे सगळं तापमानाचं प्रकरण ३३४० नावाच्या एका चिपमध्ये आतल्या आत सोडवलेलं असतं. डग कर्टिस यांची ती मूळ रचना, प्रॉफेट-५ या सिंथच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि रोलँडच्या एसएच-१०१ मध्ये तीच होती. लाटव्हियातली अल्फा कंपनी आजही एएस३३४० बनवते. पहिलं मॉड्यूल करणार असाल तर ती घ्या. मी घेतली नाही याला कारण हट्ट, दुसरं काही नाही.

पॅनेलला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी एचपीमध्ये मोजतात, एक एचपी ५.०८ मिलिमीटर. माझं दहा एचपी, प्रत्यक्षात ५०.५, कारण शेजाऱ्याला घासू नये म्हणून थोडं कमी ठेवतात. स्क्रूची भोकं वरखाली १२२.५ अंतरावर. पॅनेलही पीसीबीच्या कारखान्यातूनच करून घेतलं, काळ्या रंगात. 'सा', 'प', 'म' ही अक्षरं इंकस्केपमध्ये चित्र करून टाकली. जॅकची भोकं मी बरोब्बर ६ मिलिमीटर काढली होती आणि जॅक जाईनात. सहा भोकं गोल कानशीने घासली, रविवार गेला. ६.२ ठेवा. घासताना तोंडाला फडकं बांधा, फायबरची पूड घशात बसते.

हे पॅनेल नोव्हेंबरात, दिवाळीनंतर मागवलं. डिसेंबरात एका ऑसिलेटरचा बोर्ड मीच शॉर्ट केला, जानेवारीत ऑफिसचं काम अंगावर आलं. एकूण खर्च वहीत मांडला तो ३१,२०० रुपये, त्यात आठ हजारांचा यूएसबी ऑसिलोस्कोप. तो नसता तरी चाललं असतं, पण डोळ्यांनी लाट दिसली की धीर येतो. बाकी पैसे चुकांचे.

तर ९ फेब्रुवारीला मॉड्यूल रॅकमध्ये बसवून सुरू केलं आणि वीस मिनिटं आम्ही दोघी चहा पीत बसलो. मग आई तानपुरा घेऊन आली. मी सा लावला. तिने ऐकलं, आणि नॉबला हात न लावता तानपुऱ्याचे मणी सरकवून जोडीच्या तारा त्याच्यावर आणल्या. मालकंस गायचा होता.

"मध्यम लाव."

लावला. हेलकावा नव्हता. ती डोळे मिटून थोडा वेळ बसली.

"बरं आहे. आणि खर्ज?"

खर्ज नव्हता. दोनच ऑसिलेटर. म्हणजे खर्ज षड्जाच्या निम्मा, त्याला ना टेम्पको लागतो ना प्रीसेट, सीडी४०१३ ची एक चिप सा घेऊन त्याचे बरोबर दोन भाग करते आणि ती बुधवार पेठेत कुठेही मिळते. फक्त माझ्या पॅनेलवर त्याच्यासाठी भोक नाही.